भांडण एनपीएमचं

सुरभी भांडेनाशी झाली, तेव्हा साकेतला पहिल्यांदा भीती वाटली.

तोवर त्या दोघांचा धंदा भांडणावरच चालला होता म्हटलं तरी चालेल. यवतमाळात साकेतच्या वडिलांचं वकिलीचं ऑफिस आहे. त्याच्या वरच्या खोलीत दोन टेबलं, दोन संगणक आणि एक कूलर. कूलर वारा कमी आणि आवाज जास्त देई, आणि हे दोघे त्याच्याही वर आवाज चढवून भांडत. खाली बसलेले पक्षकार छताकडे बोट करून विचारत, "वकीलसाहेब, वरची केस कोनाची आहे?" वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणत, "ती रोजचीच आहे. तिला तारीख लागत नाही."

साकेत गावातलाच. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, आई शाळेत. बोलण्यात कुणाला हार जाणं त्या घराला माहीतच नव्हतं. सुरभी फुलसावंगीची. घरी कापूस, सोयाबीन, तूर, आणि बापाच्या बरोबरीनं वावरात राबलेली ही मुलगी. शिकायला यवतमाळला आली, साकेतच्याच वर्गात होती, आणि पुढं दोघांनी मिळून वेबसाइटी करून द्यायचं काम सुरू केलं. त्यांच्यात दुसरं काही नव्हतं, लोक काही का म्हणेनात. होतं ते एवढंच, की एकाच्या डोक्यातून निघालेली कुठलीही गोष्ट दुसऱ्यानं ठोकूनबडवून पाहिल्याशिवाय कामात जात नसे. म्हणूनच त्यांचं काम चांगलं होई. दोघांनाही हे आतून ठाऊक होतं, कबूल मात्र कुणी करत नव्हतं.

भांडणाचे विषय ठरलेले. वेबसाइट करणाऱ्याला सगळं काही स्वतः लिहावं लागत नाही. तारीख दाखवायची, फोटो लहान करायचा, पावती छापायची, अशा हजार गोष्टी जगात कुणी ना कुणी आधीच लिहून ठेवलेल्या असतात. त्यांची पॅकेजं मिळतात, आणि ती इंटरनेटवरून आणून देणारा एक हरकाम्या असतो. त्याचं नाव पॅकेज मॅनेजर. हे हरकामे मुख्यतः तीन, आणि शहाण्यासुरत्या माणसांना एकमेकांची डोकी फोडायला तीन पुरेसे होतात.

सगळ्यात जुना एनपीएम. तो दर कामाला सगळं सामान नव्यानं आणून त्या कामाच्या फोल्डरात ओततो. जागा खातो, वेळ घेतो, पण सामान जिथल्या तिथं, डोळ्यांना दिसतं. त्याला कंटाळून यार्न निघाला. तो आला तेव्हा भलताच चपळ होता. पुढं त्यानं स्वतःचं रूप इतकं बदललं, की जुन्या ओळखीच्यांनाही तो ओळखू येईना. आणि तिसरा पीएनपीएम. तो घरात एकच कोठी भरून ठेवतो, दर फोल्डरात तेच सामान जागा न अडवता एका कप्प्यात जोडून देतो, आणि बाकी नुसत्या खुणा ठेवतो, की अमुक वस्तू कप्प्यात अमक्या ठिकाणी पाहा. डिस्क भरत नाही आणि काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. साकेतचा जीव या तिसऱ्यावर जडला होता.

"अबे, तेवढा वेळ वाचवून तू करतो काय?" सुरभी म्हणायची. "खाली जाऊन चहाच पेतो ना?"

"प्रश्न वेळेचा नाही, शिस्तीचा आहे."

"शिस्त? तुझं टेबल पाह्य आधी."

मग हे भांडण बंडलरवर जाई. बंडलर म्हणजे आणलेल्या सामानातून लागेल तेवढंच निवडून, बाकीचं टाकून, सगळं एका गाठोड्यात बांधून देणारा. तिथंही वेबपॅक जुना आणि रेंगाळणारा, व्हीट चटपटीत, ईएसबिल्ड म्हणजे तर नुसतं वारं, आणि प्रत्येकाच्या बाजूनं बोलायला खोलीत एक वकील हजरच. उन्हाळ्यात सुरभीनं हट्ट धरला, की सर्व्हरचा प्रोग्रामसुद्धा ईएसबिल्डनं बांधून एकाच फाइलीत घालायचा. साकेत म्हणाला, अगं, बांधायचं ते ब्राउझरला पाठवायचं असतं, सर्व्हर बांधायची गरजच नसते. ती म्हणाली, तुझा सर्व्हर यवतमाळात बसतो म्हणून गरज नसते. तीन दिवस हेच चाललं. शेवटी साकेतचा घसा बसला आणि ती जिंकली.

आणि आता ती भांडत नव्हती.

पावसाळा सरता सरता हे सुरू झालं. साकेतनं काही म्हटलं, की ती म्हणे, "ठीक आहे." तो मुद्दाम तिरकं बोलला, तरी म्हणे, "तुला बरं वाटेल तसं कर." असं मवाळ, पुस्तकी मराठी तिच्या तोंडून ऐकलं, की तो हातातलं काम सोडून तिच्याकडं बघत राही. खोली इतकी शांत झाली, की एकदा वकीलसाहेब स्वतः जिना चढून वर आले, दारात उभं राहून दोघांकडं पाहिलं, आणि काहीच न विचारता परत खाली गेले.

पुढं एक दिवस तिनं सांगितलं, की पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलंय. नोकरी चांगली होती. काय ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. साकेत "अरे वा" म्हणाला, कारण तेच म्हणायची रीत आहे. मग खाली जाऊन त्यानं चहा मागवला आणि न पिताच परत आला. सुरभी गेली तर ही खोली आपण चालवू शकणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. काम कुणीही करील. पण आपल्याला अडवील कोण? हे तिला सांगावं, तर तिच्या चांगल्या संधीच्या आड आल्यासारखं होईल. म्हणून तो मूग गिळून बसला. एकूण काय, बोलण्यात हार न जाणाऱ्या घरातला हा मुलगा बोलायच्या वेळेला मुका झाला होता.

तोच शुक्रवार मुकुटबनचा होता. तिथल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती, आणि इंदुताई तिच्या अध्यक्ष. दर हंगामात जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागे आणि माणसं भाकरी बांधून गाडीखाली मुक्काम करत. इंदुताईंना टोकनं हवी होती. ज्यानं त्यानं आपली वेळ घ्यावी आणि वेळेवर यावं. नेट असेल तेव्हा घरून, नसेल तेव्हा कंपनीच्या गोदामात येऊन, तिथल्या वायफायवर. त्यांची अट एकच होती. "नेट गेलं तरी टोकन निंघालं पायजे. आमच्याइथं नेट पाव्हन्यासारखं येते, बसतबी नाही." म्हणून साकेत आणि सुरभीनं आपल्या ऑफिसातल्यासारखाच एक संगणक आधीच गोदामात बसवून दिला होता. शुक्रवारी सभासदांपुढं तो चालवून दाखवायचा होता.

चार दिवस आधी साकेत म्हणाला, "आपण मुकुटबनचं काम एनपीएमवरून पीएनपीएमवर नेऊ."

खरं सांगायचं, तर त्याला पीएनपीएम नकोच होतं. त्याला भांडण हवं होतं. कार्यक्रमाला चार दिवस उरलेले असताना घोडं बदलायची भाषा केली, तर सुरभी खुर्चीतून उठून अंगावर येईल, अशी त्याची खात्री होती.

सुरभीनं मान वर केली. "ठीक आहे," ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

आता बोललंय म्हटल्यावर करणं आलं. साकेतनं सगळं बदललं आणि ते झकास चाललं. कोठी भरली, फोल्डर हलका झाला, आणि आयुष्यात इतकं बेचव तो कधी जिंकला नव्हता.

शुक्रवारी सकाळी निघताना त्यानं काम पेन ड्राइव्हवर घेतलं. ही त्यांची जुनीच पद्धत. जिल्ह्यातल्या गावांत नेटच्या भरवशावर जायचं नाही, सगळं सामान सोबत घेऊन जायचं. लॅपटॉप घ्यायचा विचार दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर जाई. तिथं बसून लोक सांगतील ते बदल लगेच करता यावेत, म्हणून साकेत नुसतं तयार गाठोडं न नेता अख्खा फोल्डर नेत असे, पॅकेजांसकट. एनपीएम होतं तोवर हे बिनबोभाट चालायचं.

त्या दिवशी मात्र पडद्यावर एक चौकट आली. अमुक एक वस्तू या पेन ड्राइव्हवर उतरवता येत नाही, सोडायची का? त्यानं सोडली. दुसरी आली. तिसरी आली. खाली वडील हॉर्न वाजवून बघत होते, कारण गाडी त्यांची आणि घाईही त्यांचीच; त्यांना वाटेत कोर्टात सोडायचं होतं. चौकटीत एक बटण होतं: सगळ्या सोडा. साकेतनं ते दाबलं. सुरभी शेजारीच उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलं. एरवी तिनं त्याचं मनगट धरलं असतं.

"मी खाली जाते," ती म्हणाली.

मुकुटबनपर्यंतच्या वाटेत दोघे हवापाण्यावर बोलले. सोयाबीन सोंगून झालेली वावरं, बोंडं फुटायला लागलेली कपाशीची पराटी, रस्त्याचं काम. असं बोलणं माणसं सोयरिकीला गेल्यावर बोलतात.

गोदामात सतरंज्या अंथरल्या होत्या. पन्नासेक माणसं बसली होती, बायाही बऱ्याच होत्या. फाटकावर बसणारा धावजी संगणकाशेजारी स्टूल टाकून तयार होता, कारण टोकनं पुढं त्यालाच बघायची होती. इंदुताईंनी दोन शब्दांत ओळख करून दिली आणि "दाखवा भाऊ" म्हणून त्या खाली बसल्या.

साकेतनं पेन ड्राइव्ह लावला, काम उतरवलं, चालू करायचा हुकूम दिला. पडद्यावर लाल ओळ आली. पॅकेज सापडत नाही. त्यानं परत हुकूम दिला. परत लाल ओळ, नाव तेच. मग त्याला सकाळची चौकट आठवली. पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीनं आखलेला असतो, तिच्यात पीएनपीएमच्या खुणा बसतच नाहीत. कप्प्यातलं सामान सगळं आलं होतं. ते कुठं आहे हे सांगणारी एकूण एक खूण त्यानं स्वतःच्या बोटानं यवतमाळात सोडून दिली होती.

"नेटवरून परत आणता येईल," तो म्हणाला आणि फोन काढला. फोनवर काहीच नव्हतं. धावजी म्हणाला, "सकायपासून टावर बंद हाये, भाऊ."

सभेत चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "चाला, यंदाबी गाडीखाली झोपा." चारदोन जण हसले.  साकेतनं सुरभीकडं पाहिलं. ती शांतपणे हात बांधून उभी होती. चेहऱ्यावर राग नाही, चिंता नाही. जणू पुण्याला पोचलीच होती.

तेवढं मात्र त्याला सहन झालं नाही.

"सुरभी, काहीतरी बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे. तुला दिसत होतं ना सकाळी मी काय करतोय ते? मग अडवलं का नाहीस? तू अशी गप्प बसलीस की मला काही सुचत नाही. खरंच सुचत नाही."

आणि धरण फुटलं.

"अडवू? कायले अडवू? अडवलं का तू हासतो! कॉलेजातल्या पोट्ट्यांसमोर स्टेजवर उभा राहून काय म्हनला होता तू? 'आमची सुरभी अजून बैलबंडीनंच जाते, हायवे झाला हे तिले सांगा कोनीतरी.' पूर्ण हॉल हासला. मी बी हासली. कशी हासली ते मालेच मालूम! अन् तुले ते याद बी नाही!"

साकेतला याद होतं. पावसाळ्यात कॉलेजनं दोघांना बोलवलं होतं, त्यानं पीएनपीएमच्या बाजूनं भाषण ठोकलं होतं, आणि हा विनोद चांगला जमला म्हणून परत येताना गाडीत तो पुन्हा सांगितलाही होता. त्याच आठवड्यापासून ती गप्प झाली होती. पुण्याचं बोलावणं नंतरचं. इतके दिवस नोकरीपायी ती गप्प आहे, असा उलटाच हिशेब त्यानं मांडला होता.

"म्हनलं, जाऊ दे. याले माही गरज नाही, याले टाळ्या पायजे. आता जे कराचं ते करू दे," सुरभीचा आवाज गोदामाच्या पत्र्याला लागत होता. "अन् 'सगळ्या सोडा' दाबाले तुझा हात तरी कसा गेला बे? पह्यल्या वर्षाचं पोट्टं बी वाचते, काय सोडून राह्यलो ते!"

"घाई झाली होती."

"घाई! पीएनपीएमनं वाचवलेला टाइम कुठी गेला मंग?"

सभा आता कान टवकारून बसली होती. टोकनापेक्षा हे बरं होतं. इंदुताईंनी हात वर केला. "थांब वो पोरी. आमाले बी समजू दे, झालं काय ते."

साकेत त्यांच्याकडं वळला. बोलायला त्याला घरात कुणी शिकवायची गरज पडली नव्हती, पण पुढची तीन वाक्यं त्याला आयुष्यात सगळ्यात जड गेली. "ताई, चूक माझी आहे. ही सांगत होती तसं मी केलं असतं, तर आज इथं हे झालं नसतं. आणि हिच्यावर मी चार लोकांत हसलो, ते त्याहून चुकलं."

 सुरभी जरा अडखळली. भांडणाला समोरून इतकी ढील मिळायची तिला सवय नव्हती. पण तोंड उघडलेलं होतं, ते चटकन मिटेना.

"हजार खेपा सांगतलं तुले," ती म्हणाली, आवाज निम्म्यावर आणून, "गावात न्याचं ते बांधून न्याचं. सुटं नाही न्याचं."

"बांधलेलंही आहे ना!" साकेत वैतागून म्हणाला. "बांधलेलंपण त्याच्यातच टाकलंय मी!"

आणि दोघेही एकदम थांबले.

बंडलरनं बांधलेलं गाठोडं फोल्डरातच होतं. प्रत्येक वेळी बांधणी केली, की ते एका कोपऱ्यात तयार होऊन पडे, आणि साकेत त्याच्याकडं कधी ढुंकून पाहत नसे, कारण ते नेटवर चढवायचं असतं असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्या गाठोड्याला खुणा नकोत, कोठी नको, कुठलं पॅकेज नको. लागणारं सगळं आधीच त्याच्या पोटात. साध्या फाइली त्या, पेन ड्राइव्हवर कुठंही उतरणाऱ्या.

"सर्व्हरचं?" सुरभीनं विचारलं.

"तेही. एका फाइलीत. तूच उन्हाळ्यात माझा घसा बसवून बांधायला लावलं होतंस."

"सरक बाजूला."

तो सरकला. सुरभी खुर्चीवर बसली, फोल्डर उघडला, कोपऱ्यातलं गाठोडं शोधलं. तारीख पाहिली. कालपरवाचंच होतं. तिनं एक ओळ टाइप केली आणि बोट बटणावर ठेवून थांबली. साकेतनं डोळे मिटून घेतले.

"उघड डोये," ती म्हणाली.

पडद्यावर हिरव्या पट्टीत कंपनीचं नाव आलं होतं, खाली "टोकन घ्या".

 साकेत तिथंच धावजीच्या स्टुलाच्या कडेला टेकला, धावजीनं मुकाट्यानं जरा जागा करून दिली. काय वाटलं हे त्याला विचाराल, तर मळणी संपून यंत्र एकदम बंद पडावं आणि तेव्हा कळावं की आपण किती वेळ दात आवळून बसलो होतो, तसं वाटलं. जीव भांड्यात पडला. आणि खरी गंमत अशी, की तो हिरव्या पट्टीनं पडला नव्हता. "सरक बाजूला" या दोन शब्दांनीच तो आधी पडला होता.

पहिलं टोकन इंदुताईंनी गोदामातल्या वायफायवर आपल्या फोनवरून घेतलं. नाव, गाव, किती क्विंटल, कुठला दिवस. धावजीसमोर पडद्यावर त्यांचं नाव उमटलं, आणि त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवल्यावर सगळ्यांनी आपापले फोन काढले. मग अर्धा तास गोदामात नुसता गलका होता. एक जण पासवर्ड विसरला, एकानं बायकोच्या नावानं घेतलं, एकानं उगाच तीन टोकनं घेतली आणि ती रद्द करून दाखवावी लागली. गाडी कुठल्या प्रकारची हे विचारणारी नवी चौकट या गाठोड्यात नव्हती. तिच्यापायी साकेतनं दोन रात्री जागवल्या होत्या. ती नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"जमलं," इंदुताई म्हणाल्या. "फक्त भांडन पह्यलेच कराचं होतं. आमचा टाइम काहून घेतला?"

भजी आली, चहा आला. साकेतनं दोन कप चहा घेतला आणि दोन्ही संपवले.

परतीच्या वाटेला तो गाडी चालवत होता आणि सुरभी शेजारी बसली होती. हवापाण्याचा विषय कुणी काढला नाही.  

"त्या बंडीच्या विनोदाचं," साकेत म्हणाला, "मी इंदुताईंसमोर बोललो, ते घाबरून बोललो असं वाटेल तुला. म्हणून परत सांगतो. मला लाज वाटते त्याची. आणि दुसरं. तू पुण्याला गेलीस तर मला फार जड जाईल. हे आधी सांगायला पाहिजे होतं. पण तुझं चांगलं होत असेल तर तू जा. मी तोंड पाडणार नाही."

"पाडशील," सुरभी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुझं तोंड आताच पडलं आहे."

केळापूर जवळ आलं आणि दोन्ही फोनांना एकदम जाग आली. टिंग टिंग करून सकाळपासूनचं सगळं एका दमात येऊन पडलं. पाठोपाठ सुरभीचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं. साकेतलाही न सांगता कळलं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला एका कडुलिंबाखाली घेतली, कारण त्या वेळी त्याच्या हातून गाडी चालवणं धोक्याचं होतं.

"हो मॅडम, सुरभीच बोलतेय," ती म्हणाली. "सॉरी, रेंज नव्हती... हो, विचार झाला माझा."

साकेत समोरच्या काचेवर बसलेल्या माशीकडं बघत राहिला.

"नाही, तुमचं सगळं चांगलंच आहे. तक्रार काहीच नाही... पण मी येत नाही आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सुरभीनं जरा विचार केला. "कारण म्हणजे, इथं माझं एक भांडण अर्धं राहिलंय. ते संपवल्याशिवाय नाही येता यायचं... नाही, नाही. कोर्टातलं नाही."

तिनं फोन ठेवला.  इतकं सुटल्यासारखं साकेतला शाळेच्या शेवटच्या पेपरालाही वाटलं नव्हतं. माशी उडाली तरी तो काचेकडंच बघत होता.

"काय पाहून राह्यला?" सुरभी म्हणाली. "चाल ना. अन् आता सांग, मुकुटबनचं पुढं कशावर ठेवाचं?"

उत्तर सरळ होतं. एनपीएमवर ठेवायचं आणि बांधून न्यायचं. दिवसभरात एवढं शिकल्यावर लहान पोरानंही तेच सांगितलं असतं, आणि साकेतला ते मनापासून पटलंही होतं. पण तसं म्हटलं असतं, तर बोलणं तिथंच मिटलं असतं.

"मला वाटतं," तो म्हणाला, "यार्न."

"यार्न?" सुरभीनं पट्टा काढला आणि ती अख्खी त्याच्याकडं वळली. "अबे, डोकं जागेवर आहे का तुझं? यार्न? कोनतं यार्न? जुनं का नवं? अन् कायले? सांग मले, एक कारन सांग!"

"पट्टा लाव," साकेत म्हणाला. यवतमाळ अजून लांब होतं. त्यानं गाडी सुरू केली आणि चांगला रस्ता असूनही हळूच हाकली.